सासूच्या कानाने घेतलेला कूलर

आमच्या घरात भांडण झालं की ते बोलून होतं. भांडी आपटली जातात, दोन-चार जुनी उणीदुणी निघतात, चहा होतो आणि संपतं. अबोला धरणारी माणसं मला कधी कळलीच नाहीत. म्हणून गेल्या चैत्रात आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बोलणं बंद केलं तेव्हा हे भांडण आहे असं माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, उकाड्याने कंटाळल्या असतील.

डिचोलीतल्या आमच्या घरात आठवडाभर आम्ही दोघीच असतो. नवरा वास्कोला बंदरात नोकरीला. तिथेच खोली घेऊन राहतो आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतो. मी घरीच काम करते. लोकांची घरं बांधून व्हायच्या आधी कशी दिसतील, त्याची चित्रं मी संगणकावर करते. पर्वरीचा एक आर्किटेक्ट नकाशे पाठवतो, मी त्यांना भिंती देते, ऊन देते, बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसायला दोन खुर्च्या देते. आई माझ्या टेबलाशेजारी जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, उजेडात बसून भाजी निवडायच्या आणि मध्येच उठून पडद्यावरच्या माझ्या घरांना नावं ठेवायच्या. ‘तुळस खंय गो ह्या घरात?’ हा पहिला प्रश्न. तुळस नसलेलं चित्र माझ्या टेबलावरून पुढे जातच नसे. आर्किटेक्ट आधी हसला, मग गिऱ्हाइकांना ती तुळस आवडते म्हणून गप्प बसला.

हे बोलणं मोठ्या कष्टाने मिळवलेलं होतं. आईंना ऐकू येईनासं झालं होतं आणि कानातलं यंत्र नको म्हणून त्या हटून बसल्या होत्या. शेवटी घेतलं, लावलं, आणि मग दिवसभर आमची जी काही बडबड सुरू झाली, ती विचारू नका. कोरगावचं त्यांचं माहेर, तिथली काजूची बागायत, कोणाची सोयरीक कोणी मोडली, सगळं मला पाठ झालं.

आणि मग माझ्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड ओरडायला लागलं.

हे कार्ड म्हणजे चित्र काढणारा भाग. घराचं शेवटचं चित्र करायला घेतलं की ते तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबतं, तापतं, आणि त्याला गार ठेवायला त्याच्यावरच दोन छोटे पंखे असतात. त्या पंख्यांनी आधी घरघर सुरू केली, मग खरखर, मग थेट चक्की. मी कानात कापूस घालून काम करायला लागले. आईंनी यंत्र काढून स्टीलच्या डबीत ठेवलं आणि डबी फळीवर. सुरुवातीला त्या फक्त संगणक चालू असेपर्यंत काढायच्या. मग दिवसभर काढलेलंच असायचं.

मी काही शांत बाई नाही. संगणक अडला की माझं तोंड सुटतं. ‘मर मेल्या, एकदाचा फूट आणि मोकळा हो, तुझ्या पंख्यांना आग लागो.’ त्या महिन्यात मी त्याला दिल्या तेवढ्या शिव्या आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक धावत होते तेव्हा ट्रकवाल्यांनाही दिल्या नसतील. कपाळाला आठ्या, दात आवळलेले, हातात पेन्सिल.

एका दुपारी जेवणं झाल्यावर आई म्हणाल्या, ‘सोमवारी देवळात जाऊया. माका प्रसाद घेवचो आसा.’

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवाचा प्रसाद घेतात. मूर्तीला फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालून विचारतात. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. माझ्या नवऱ्याने वास्कोची नोकरी धरली ती प्रसाद घेऊन. मी खुणेने विचारलं, कसला प्रसाद?

‘माका कोरगावाक भावाकडे जावचा आसा. रव्हाक.’

रव्हाक म्हणजे चार दिवस पाहुणी म्हणून नव्हे. रव्हाक म्हणजे कपडे, औषधं, देवाची छोटी समई सगळं घेऊन. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी ओरडून विचारलं, का म्हणून? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे सांगितलं, ‘कान नाय गो माका. डोळे आसत. दिवसभर माका गाळी दितंस, ता माका दिसता.’

मी हसले. ते हसणं फार वाईट वेळी आलं. मी म्हटलं, आई, त्या शिव्या तुम्हाला नव्हेत, ह्याला, ह्या मशीनला. हाताने दाखवलं, कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला.

‘मशिनीक गाळी कोण दिता?’

त्यांच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. त्या बसायच्या तिथून बघितलं तर पडदा दिसतच नव्हता. दिसत होतं ते फक्त माझं तोंड, त्यांच्या खुर्चीच्या दिशेने वळलेलं.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘जाऊ दे गो, मामाकडे आठ दिवस राहील आणि येईल.’ मी त्याला असं काही सुनावलं की त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं. उजवी पाकळी पडली की आई परत येणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. देवाने दिलेला शब्द त्या मोडत नाहीत. आणि मला त्या जायला नको होत्या. सून म्हणून कर्तव्य वगैरे सोडा, मला त्या घरात हव्या होत्या, बस. आठवडाभर मी त्या घरात कोणाशी बोलणार होते?

संगणक आतल्या खोलीत हलवायचा हा सोपा उपाय मला सुचला नव्हता असं नाही. पण मी टेबल उचलून आत गेले असते तर आईंनी त्याचा काय अर्थ लावला असता? माझं तोंडसुद्धा बघायला नको झालं हिला. काम बंद ठेवणंही शक्य नव्हतं, आर्किटेक्टला तीन घरं द्यायची होती. म्हणजे सोमवारच्या आत हे कार्ड गप्प करायला हवं होतं.

संगणकाची पेटी उघडली. आत काय होतं ते सांगते. लाल धूळ तर होतीच, डिचोलीत ती असणारच. पण तिच्यावर एक काळा, चिकट थर होता, तव्याच्या खालच्या बाजूला असतो तसा. पंख्यांच्या पात्यांवर, त्यांच्यामागच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांत, सगळीकडे. बोटाने खरवडला आणि वास घेतला. धूप.

आई रोज तिन्हीसांजेला धुपाटणं घेऊन घरभर फिरतात. देव, उंबरा, तिजोरी, आणि माझा संगणक. हा घरात पैसा आणतो म्हणून त्याच्यासमोर त्या जरा जास्तच वेळ थांबायच्या, आणि राळेचा तो दाट धूर संगणक सरळ आत ओढून घ्यायचा. वर्षानुवर्षं. मला त्याचं कौतुक वाटायचं. मी खुर्ची सरकवून त्यांना जागा करून द्यायचे.

आईंनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, तुमच्या आशीर्वादाने कार्ड गेलं? मग तर प्रसादाचीही वाट न बघता त्या पहिल्या बसने कोरगावला गेल्या असत्या. मी त्यांच्याकडे पाठ करून कापसाने आणि स्पिरिटने सगळं पुसून काढलं आणि काळे बोळे कागदात गुंडाळून टाकून दिले. पण पंख्यांची बेअरिंगच गेलेली होती. एक तर बोट लावलं तरी लटपटायचा. तसलेच पंखे आता मिळत नव्हते.

नवीन कार्ड घेण्यासारखी परिस्थिती नव्हती आणि गरजही नव्हती, चित्रं ते अजून झकास काढत होतं. राहिला एकच मार्ग. कार्डावरचं कंपनीचं सगळं उतरवायचं, पंखे, पट्ट्या, वरचं प्लास्टिक, आणि त्याजागी वेगळा मिळणारा मोठा कूलर बसवायचा. मी वाचायला बसले. पाण्यावर चालणारा एक प्रकार होता. नवरा फोनवर म्हणाला, पाण्याचाच घे, इंजिनाला पाणीच लागतं. मी म्हटलं, तुझं जहाज नव्हे हे. त्या पाण्यालाही पंप असतो आणि पंप गुणगुणतो. शिवाय आमच्याकडे दिवसातून चारदा वीज जाते येते, त्यात आणखी पाण्याची काळजी मला नको होती. दुसरा प्रकार म्हणजे जुन्याच पट्ट्यांवर साधे दोन पंखे पट्टीने बांधायचे. स्वस्त आणि मस्त, पण त्या पट्ट्याच मुळात तोकड्या, पंखे जोरात फिरल्याशिवाय त्या गार होणार नव्हत्या. मग राहिला मोठा, जाड, तांब्याच्या नळ्यांचा कूलर. पट्ट्या भरपूर, पंखे मोठे. मोठा पंखा सावकाश फिरला तरी वारा पुरतो, आणि सावकाश फिरणारा पंखा ओरडत नाही.

पण तो बसायला हवा. आईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी पेटीत डोकं घातलं. कार्डाच्या चिपभोवती चार भोकं असतात, त्यांचं अंतर कूलरच्या भोकांशी जुळलं नाही तर सगळं फुकट. लांबी बघितली, जाडी बघितली. इंटरनेटचं एक छोटं कार्ड काढून टाकलं तर जागा होत होती. ह्या सगळ्या वेळात आई जनेलापाशी बसून माझ्याकडे बघत होत्या.

आवाज किती, हे मात्र कुठेच नीट कळेना. सगळे विकणारे म्हणत, आमचा कूलर शांत. कोणाच्या कानाला शांत? तेव्हा मला सुचलं. आई आंघोळीला गेल्या होत्या. मी फळीवरची डबी काढली, यंत्र माझ्या कानाला लावलं आणि संगणक चालू केला.

माझ्या डोक्यात खनिजाचा ट्रक शिरला. मी ते यंत्र ओढून काढलं आणि खालीच बसले. मला जी खरखर वाटत होती ती त्यांना असं फोडून काढत होती, आणि त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. नुसतं यंत्र काढून डबीत ठेवलं होतं. मला रडू आलं. थोडं रडले आणि मग ती डबीच पर्समध्ये टाकली.

म्हापशाच्या बसमध्ये मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं कार्ड. दुकानदाराने विचारलं, ‘गेमिंगसाठी?’ मी म्हटलं, ‘सासूसाठी.’ त्याने परत विचारलं नाही. पहिला कूलर काढला त्यात तीन पंखे आणि शिगम्याच्या चित्ररथालाही लाजवतील एवढे दिवे. दुसऱ्यात दिवे नव्हते, दिसायला अगदी साधा, पंखे मात्र ताटलीएवढे. दोन्हींची भोकं माझ्या कार्डावर ठेवून बघितली, दोन्ही जुळत होती. मग मी म्हटलं, पंखे लावून दाखवा. आणि पर्समधून यंत्र काढून कानाला लावलं.

दुकानातली दोन माणसं माझ्याकडे बघायला लागली. बघू देत. दिव्यांच्या पंख्यांतून एक बारीक शिट्टी येत होती, नुसत्या कानाला ती कळलीसुद्धा नसती. दुसऱ्याचा फक्त वारा ऐकू आला. मी ते वेगवेगळ्या वेगाने फिरवायला लावले, परत परत ऐकलं. दुकानदाराने मध्येच सांगितलं, दिवेवाला जास्त खपतो, बाई. म्हटलं, खपू दे. साधा घेतला.

घरी आले तर आई दारातच. हातात काही नव्हतं, पण फळीकडे बोट होतं.

‘आता यंत्र पण घेतलंस माझा?’

इतका वेळ त्यांनी ती डबी घरभर शोधली होती. मी पर्स उघडून डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडून बघितली, बंद केली आणि आत जाऊन पेटारीत ठेवली, कपड्यांच्या खाली. तीच पेटारी कोरगावला जायची होती. मला वाटलं, संपलं.

रविवारी नवरा घरी होता. तो टॉर्च धरून उभा राहिला आणि अधूनमधून ‘पाणी नाही घातलंस ना?’ असं विचारून माझं डोकं खात होता. मी जुनं सगळं उतरवलं, चिप पुसली, तिच्यावर उष्णता वाहून नेणारा नवीन लेप लावला, बाजूच्या छोट्या चिपांवर छोट्या पट्ट्या चिकटवल्या. मग मोठा कूलर वर ठेवून चार स्क्रू, एक एक करून, थोडे थोडे, कोपऱ्याकोपऱ्याने. कार्ड इतकं जड झालं की खालून टेकू द्यावा लागला. पेटीचं झाकण बसलं. बटण दाबलं.

पडदा काळा. नवऱ्याने टॉर्च आत घातली आणि म्हणाला, ‘ही वायर इथे लोंबकळते ती कसली?’ कार्डाला वीज देणारी वायर मी लावलीच नव्हती. लावली. पडदा उजळला. मी सगळ्यात जड घर उघडलं, झाडंबिडं असलेलं, आणि चित्र करायला लावून हात बाजूला घेतले.

काहीच ऐकू येईना. मी वाकून बघितलं, पंखे फिरत होते. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, ती मी किती दिवसांत ऐकली नव्हती. माझे खांदे इतके दिवस वर चढलेले होते हे ते खाली उतरले तेव्हा मला कळलं. नवरा हळू आवाजात म्हणाला, ‘बंद पडला की काय?’ आणि मी त्याला मिठी मारली, आई समोर असताना.

आता आई. मी पेटारीतून डबी काढून आणली आणि त्यांच्यासमोर धरली. त्या घेईनात. शेवटी मुलाने हात जोडले तेव्हा घेतली, कपाळाला आठ्या घालून यंत्र कानात लावलं आणि दचकायच्या तयारीने बसल्या.

‘बंद केलंस?’

‘चालू आहे, आई.’ मी त्यांचा हात धरून पेटीच्या मागे नेला, जिथून गरम वारा बाहेर येतो. त्यांनी हात तिथेच ठेवला. मग मान वर केली. ‘पोदेर इलो,’ म्हणाल्या. मला काही ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळाने खरंच पाववाल्याचा भोंगा रस्त्याच्या टोकाला वाजला.

मला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात पडद्यावर अर्धं झालेलं चित्र गायब झालं. प्रोग्रॅम बंद पडला होता. आणि माझं तोंड आपोआप सुटलं. ‘मर मेल्या, आत्ताच मरायचं होतं तुला? एवढा खर्च केला तुझ्यावर, लाज नाही वाटत?’

म्हटलं आणि जीभ चावली. मी वळले तर आई पडद्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, परत पडद्याकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

‘म्हणजे खराच मशिनीक गो?’

‘मग मी काय सांगत होते इतके दिवस?’ मी म्हटलं, आणि मीही हसत सुटले.

सोमवारी सकाळी त्या जरीकाठाचं लुगडं नेसल्या. माझं चहात लक्ष लागेना. नवरा पहाटेच्या बसने वास्कोला गेला होता. मी साडी बदलून बाहेर आले तर आई जनेलापाशी बसल्या होत्या, मांडीवर वालीच्या शेंगा. मी विचारलं, ‘देवळात जायचं ना?’

‘जाव्या चतुर्थीक,’ त्या शेंग मोडत म्हणाल्या. ‘आता देवाक विचारूचा काय, ताच आठवना नाय.’ मग खुर्ची थोडी पुढे ओढली, अशी की त्यांना पडदा दिसेल, आणि रविवारी केलेल्या चित्राकडे मान लांब करून बघितलं. ‘तुळस खंय?’

तुळस राहिलीच होती. त्या सगळ्या दिवसांत केलेल्या एकाही घरात नव्हती. मी सगळी घरं परत उघडली आणि एकेका अंगणात तुळस लावत बसले.

तिन्हीसांजेला धुपाचा वास आला. आई धुपाटणं घेऊन देवाकडून उंबऱ्याकडे, उंबऱ्यावरून तिजोरीकडे आल्या. आता माझ्या टेबलाची पाळी. नको कसं म्हणू, हे मला अजून सुचलं नव्हतं. मी सवयीने खुर्ची सरकवली आणि श्वास धरून बसले.

आई टेबलापासून चांगल्या लांब थांबल्या.

‘मशिनीक नको,’ म्हणाल्या. ‘ता काळा माझ्याच धुपाचा. तू पुशीत होतंस, मी बघलंय.’

त्यांनी धुपाटणं डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं, माझ्या जवळ आल्या आणि ते माझ्यावरून ओवाळायला लागल्या, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश, संगणकासमोर थांबायच्या त्याहूनही जास्त वेळ.

‘तुका सोसता मगे?’

धूर नाकातोंडात गेला होता, डोळे चुरचुरत होते. मी मान हलवली, सोसतो म्हणून.